जहाजाच्या चालीची बस

आमच्या कंपनीच्या चार नंबर बसमध्ये किस्से फार साठतात, आणि त्याचं कारण साधं आहे. आमच्याकडे वेळ भरपूर असतो. भोसरीहून चाकणला हायवेनं सरळ गेलं तर पाऊण तासात माणूस कंपनीच्या गेटवर उभा राहील. आमची बस दीड तास घेते. ती आधी स्पाइन रोडला जाते, मग चिखली, मग तळवडे, मग नदी ओलांडून निघोजे, आणि मग कुठं गेट. एवढा वेळ माणूस झोपून झोपून किती झोपणार? पहिला आठवडा झोपतो, दुसऱ्या आठवड्यात शेजारच्याशी बोलायला लागतो. मी स्वभावानं जरा बुजरा. पहिले दोन महिने नुसता ऐकत होतो, म्हणून माझ्याकडे इतरांपेक्षा जास्त साठलेत.

मी दत्ता. परभणीकडचा. नववीत गणितात नापास झालो आणि लाजेनं पुन्हा शाळेत गेलोच नाही. सध्या पॅकिंगला आहे, कंत्राटावर. आमच्या कंपनीत कंत्राटावरच्या माणसाला ट्रेनी ऑपरेटर करून घेतात, पण दहावी पास पाहिजे. म्हणून मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. आता भोसरीत आम्ही एका खोलीत पाच जण राहतो आणि पाच जणांच्या मिळून तीन शिफ्ट. खोलीत कधीही जा, कुणीतरी झोपलेलंच असतं. दिवा लावला की शिवी येते. अभ्यासाला राहिली ती बस. जाताना दीड तास, येताना दीड तास.

म्हणजे बस जेवढी लांबून जाईल तेवढं माझं भलं. हे ध्यानात असू द्या.

*

बस चालवतात ज्ञानोबा तात्या. चिखलीचे जुने शेतकरी. जमिनी गेल्या, इमारती आल्या, घरात चार गाड्या आहेत. तरी तात्या रोज पहाटे आंघोळ करून बसवर हजर. एकदा कॅन्टीनच्या मयेकर काकांनी विचारलं, "तात्या, तुम्हाला नोकरीची गरज काय?"

"घरी बसलो तर सून म्हणती, मामा, जरा नातवाचा प्रोजेक्ट करा. त्यापरीस बस बरी."

माझी आणि तात्यांची ओळख पहिल्याच दिवशी झाली. परत येताना भोसरीत माझा स्टॉप आला. इथं "थांबा" म्हणून ओरडायचं असतं, हे मला माहीत होतं. पण बसमध्ये पुढच्या सीटवर दोन साहेब लोक होते, एवढ्या लोकांत ओरडायचं कसं? मला वाटलं, सकाळी मी इथूनच चढलो म्हटल्यावर थांबवतीलच. बस पुढे गेली. साहेब लोक उतरले. मग सगळेच उतरले. मी आपला बसून.

तात्यांनी दिघी रोडच्या यार्डात बस लावली, पाइप घेतला आणि बस धुवायला सुरुवात केली. एक काच उघडी राहिली होती, ती लावायला आत आले तर मी.

"का रं, उतरायचं न्हाई?"

"तुम्ही थांबवली नाही."

"तू बोलला न्हाईस."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

तात्यांनी पाइप माझ्या हातात दिला. "मग आता तिकडची बाजू धू."

*

मयेकर काका आमच्या कॅन्टीनचे इनचार्ज. मूळचे वेंगुर्ल्याचे. कॅन्टीनच्या आधी अकरा वर्षं परदेशात पर्यटकांच्या जहाजावर लॉन्ड्रीला होते. बसमध्ये नवीन माणूस आला की तो दुसऱ्या दिवशी हमखास कुरकुर करतो, "एवढ्या जवळ जायला एवढा वेळ?" मग काका त्याच्याकडे दयेनं बघतात आणि जहाज सुरू होतं.

"अरे मेल्या, आमची दोन बंदरं इतकी जवळ, की मोटारीनं दोन तासांत पोचशील. आम्ही संध्याकाळी निघायचो नि दुसऱ्या दिवशी सकाळी लागायचो."

"इंजिन खराब होतं का काका?"

"इंजिन उत्तम. पण जोरात गेलं की तेल किती पितं? आणि पहाटे तीनला पोचून करायचं काय? बंदरात जागा सकाळची मिळालेली. दुकानं बंद. त्यापेक्षा समुद्रात गोल फिरव. तेवढ्यात लोक दोनदा जेवतात, खरेदी करतात. जुगाराची टेबलं तर किनाऱ्यापासून लांब गेल्याशिवाय उघडत नाहीत. कसं आहे, ते जहाज लोकांना पोचवायला नसतंच. ते लोकांना ठेवून घ्यायला असतं."

एकदा म्हणे एक म्हातारे गृहस्थ डेकवर बसले होते. सूर्य त्यांच्या डाव्या हाताला बुडत होता. अर्ध्या तासानं बघतात तर उजव्या हाताला. काका टॉवेलांची गठडी घेऊन चालले होते. म्हाताऱ्यांनी त्यांना अडवून विचारलं, आपण परत चाललोय का? काकांचं इंग्रजी तेव्हा नवीन. कॅप्टन गोल फिरवतोय, हे सांगायची तर बंदी. काका म्हणाले, "नो सर. सन चेंज."

म्हातारे समाधानानं झोपले. उतरताना त्यांनी काकांना टाय भेट दिला. तो टाय काका अजून कॅन्टीनच्या ऑडिटला घालतात.

*

चिखलीत एक मोठी सोसायटी आहे. तिच्या मधून आता सरळ काँक्रीटचा रस्ता गेलाय. सगळ्या बस त्या रस्त्यानं जातात. आमची जात नाही. आमची बस सोसायटीला बाहेरून वळसा घालते. आधी डावीकडे, मग लांबच लांब भिंतीच्या कडेनं, मग उजवीकडे, आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागते. मला वाटायचं, आतला रस्ता खासगी असेल. पण शाळेच्या बस आतून जाताना दिसायच्या.

एक दिवस सुषमाताईंनी विचारलंच. सुषमाताई गायकवाड क्वालिटीला आहेत. वडील फाउंड्रीत कामगार होते, पण घरातली चारही भावंडं शिकली. ताई तर गणितात बीएस्सी. त्यांना कारण समजल्याशिवाय चैन पडत नाही.

"तात्या, मधून रस्ता असताना तुम्ही बाहेरून का जाता?"

"हितं आमचं वावार हुतं."

"होतं ना. आता कुठंय?"

"आता न्हाई. पर बापानं शिकीवलंय, पिकातनं गाडी घालायची न्हाई. बांधानं जायचं."

ताईंनी खिडकीतून भिंतीकडे बघितलं. बस भिंतीच्या कडेनं हळूहळू चालली होती. मग मागून मयेकर काकांनी विचारलं, "तात्या, यंदा काय पेरलंय?"

"बावीस मजले," तात्या म्हणाले.

*

माझा अभ्यास बसमध्ये कसा सुरू झाला तेही सांगतो. वय वर्षं तेवीस आणि हातात दहावीचं पुस्तक, म्हणून मी ते पेपरात लपवून वाचायचो. सुषमाताई शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दत्ता, आज पेपरात एवढं काय आहे? तू अर्धा तास सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीकडे बघतोयस."

मी म्हणालो, "वाचायलोय ताई."

त्यांनी पेपर बाजूला केला. आत समरूप त्रिकोण. त्या हसतील म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. त्या म्हणाल्या, "वही कुठंय?"

तेव्हापासून ताई चिखलीला चढल्या की वर्ग भरतो. चिखली ते तळवडे भूमिती, तळवडे ते निघोजे बीजगणित. परत येताना उलटं. खड्डा आला की माझं वर्तुळ अंडाकृती होतं, तर ताई म्हणतात, "बोर्डाच्या बाकाला खड्डे नसतात. तेव्हा गोल येईल."

इंग्रजी मयेकर काकांकडे. तिथं जरा घोटाळा झाला. काकांचं सगळं इंग्रजी जहाजावरचं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही आणि प्रत्येक वाक्याला मान द्यायचा. मी ते मनापासून पाठ केलं. मग ताईंनी सरावाला पत्र दिलं. ताप आलाय म्हणून मुख्याध्यापकांकडे रजा मागा. मी लिहिलं, "आय ॲम हॅविंग फीवर, सर, विथ प्लेझर."

ताईंनी पत्र काकांना दाखवलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"यात चूक काय आहे?"

*

तळवड्याच्या पुढं आमचा एक स्टॉप आहे, तिथं कुणीच चढत नाही. पूर्वी तिथून फोरमन आबा चढायचे. आबा रिटायर झाले. तरी तात्या रोज तिथं बस थांबवतात, दार उघडतात, बाहेर बघतात, दार लावतात आणि निघतात.

ताई एकदा म्हणाल्या, "तात्या, आबांना जाऊन दोन वर्षं झाली हो." मग घाईनं म्हणाल्या, "म्हणजे रिटायर होऊन."

"स्टॉप बंदचा कागद आला न्हाई."

"कागद कोण पाठवणार? ज्यांनी पाठवायचा तेही रिटायर झाले."

"मग झालं की. चालू हाय."

काकांना यात काहीच विशेष वाटलं नाही. म्हणाले, "आमचं जहाज एकाच देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं. पण मधे दुसऱ्या देशाच्या बंदराला हात लावून यावं लागायचं. परदेशी जहाजानं तिथल्या तिथं माणसं न्यायची नाहीत, असा त्यांचा कायदा. म्हणून एवढा वळसा घालून एका बेटावर जायचो."

"तिथं काय करायचे?"

"काही नाही. दार उघडायचं. लोकांनी टोप्या घ्यायच्या. दार लावायचं."

पण खरा किस्सा पुढं आहे. गेल्या थंडीत एके सकाळी तात्यांनी नेहमीप्रमाणं तिथं दार उघडलं, तर समोर आबा! पायात स्लीपर, डोक्याला मफलर, हातात दुधाची पिशवी. घराकडे चालले होते. समोर बस थांबली, दार उघडलं, आणि आबा चढले. कुणाकडे न बघता तिसऱ्या सीटवर बसले, खिडकीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं?

निघोज्याच्या पुलावर आबांचे डोळे उघडले. त्यांनी हातातल्या दुधाकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं.

"मी रिटायर झालोय ना?"

"झालाय," काका म्हणाले.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

त्या दिवशी आबांनी कॅन्टीनला नाष्टा केला, जुन्या शॉपमध्ये जाऊन दोन मशीनच्या चुका काढल्या आणि आमच्याबरोबरच परत गेले. काकांनी दूध तापवून दिलं होतं. आबा उतरल्यावर तात्यांनी दार लावलं आणि ताईंकडे आरशातून बघितलं.

"कागद आला असता तर ह्यो माणूस हितंच हुबा राह्यला असता."

*

मग आमच्याकडे नीलेश सर आले. ॲडमिनला नवीन. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले, राहायला पुनावळ्यात. माणूस वाईट नाही, पण नकाशा दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी आमच्या बसच्या रस्त्याची रेघ नकाशावर काढून भिंतीवर लावली आणि म्हणे पहिला प्रश्न विचारला, "ही बस आहे की कुणाची सही?"

दोन दिवसांत नोटीस लागली. चार नंबर बस हायवेनं सरळ जाणार. चिखली-तळवड्याच्या चौघांना वेगळी छोटी गाडी. म्हणजे ताई त्या गाडीत आणि मी या बसमध्ये. वर्ग बंद. परीक्षेला अडीच महिने राहिले होते आणि माझी अर्धी भूमिती बाकी होती.

सगळे मला म्हणाले, "दत्ता, तूच जाऊन बोल सरांशी. तुझं कारण खरं आहे."

मी ॲडमिनच्या दारापर्यंत तीनदा गेलो. तिसऱ्यांदा सरांनीच आतून विचारलं, "काय हवंय?"

मी म्हणालो, "काही नाही सर. पाणी."

त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. ती घेऊन मी पॅकिंगला परत आलो. परतीच्या बसमध्ये काकांनी बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढंच मागायचं होतं तर कॅन्टीनला होतं की रे."

*

नोटीस लागली तरी तात्या मानायला तयार नव्हते. सर म्हणाले, "तात्या, आपण प्रत्यक्ष बघू. मी उद्या भोसरीहून माझ्या कारनं हायवेनं निघतो. तुम्ही तुमच्या रस्त्यानं या."

सकाळी दोघं एकदम निघाले. आमची बस सोसायटीला वळसा घालून, आबांच्या स्टॉपवर दार उघडून, निवांत गेटवर पोचली. सरांची कार नव्हती. आम्ही कार्ड पंच केलं. नाष्टा झाला. सर आले तेव्हा काका भांडी आवरत होते. मोशीच्या पुढं एक ट्रेलर आडवा झाला होता म्हणे.

तात्या सरांना चहा देत म्हणाले, "सरळ रस्त्यानं समदीच जात्यात, सायेब. म्हून थितं कुणीच जात न्हाई."

सरांनी चहा घेतला, पण हार मानली नाही. "ट्रेलर रोज आडवा होत नाही. आज दुपारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ही बसच हायवेनं न्यायची. मी स्वतः बसतो. चिखलीवाल्यांना भोसरीहून कंपनीची गाडी सोडेल. वेळ लिहून काढू आणि विषय संपवू."

*

दुपारी बस भरली. सर सगळ्यात शेवटी चढले. हातात पॅड आणि पेन्सिल. रिकामी जागा एकच होती, माझ्या शेजारी. काकांनी मागून माझ्या पाठीला बोट लावलं. म्हणजे, बोल आता.

मी बोललो नाही. पण सवयीनं वही उघडली गेली.

गेटमधून निघताना सरांनी पॅडवर वेळ लिहिली. पुढच्याच वळणावर एक कंटेनर उलटा घेत होता, त्यामुळे बस थांबली. सर इकडे तिकडे बघायला लागले. त्यांची नजर माझ्या वहीवर आली.

"दहावी?"

"हो सर. सतरा नंबर."

"काय अडलंय?"

मी दाखवलं. त्रिकोणाच्या तीन बाजू दिलेल्या. सात, अकरा आणि बारा. बारावाल्या बाजूचा मध्य काढायचा, समोरच्या टोकाला जोडायचा, आणि त्या रेघेची लांबी किती?

"एवढंच? दोन ओळींचं आहे." सरांनी वही मांडीवर घेतली, भराभर काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. "सात."

मागच्या सीटवरून सुषमाताई वाकल्या. "उत्तर बरोबर आहे सर."

"असणारच."

"पण तुम्ही कोसाइनचा नियम लावलाय. तो दहावीला नाही. तपासणारा मार्क कापेल."

"बरोबर उत्तराला कापेल?"

"रीत दहावीची पाहिजे ना. पायथागोरसपासून."

सरांनी वहीकडे बघितलं. कंटेनर बाजूला झाला आणि बस निघाली. ताई म्हणाल्या, "लंब कुठून टाकायचा ते सांगू का?"

"सांगू नका," सर म्हणाले. "मी करतो. हे आम्ही केलेलं आहे."

त्यांनी नवीन पानावर त्रिकोण काढला. लंब टाकला. खोडला. पुन्हा टाकला. पॅड घसरून खाली पडलं, ते मी उचलून मांडीवर धरलं. त्यावर निघाल्याची वेळ तेवढी लिहिलेली. काकांनी आपलं डोकं दोन सीटच्या मधून आत घातलं. पुढच्या सीटवरचे दोघं गुडघ्यावर उभे राहून मागे वळले. सरांच्या कपाळावर घाम आला होता.

"दोन काटकोन त्रिकोण झाले ना, ताई?"

"झाले."

"सांगू नका."

निघोज्याचा चौक आला. तिथून डावीकडे हायवे आणि सरळ पुलावरून तळवडे. तात्यांनी बस कडेला घेऊन अगदी हळू केली आणि आरशात बघितलं.

"सायेब, चौक आला. हायवेला घेऊ न्हवं?"

सरांनी मान वर केली नाही. रबरासाठी माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "तळवड्यावरून घ्या."